सव्वीस आटे

आमच्या घरात एक सायकल आहे. वयानं ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. वडिलांनी १९४६ साली हैदराबादहून आणली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मोठी खरेदी म्हटली की परभणीकरांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं वाटायचं. सायकल रॅले कंपनीची, इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार झालेली. हाली शिक्क्याचे किती रुपये पडले हा आकडा वडील दर वेळी वेगळा सांगत, म्हणून तो इथे देत नाही. मीटरगेजच्या गाडीत गार्डच्या डब्यात टाकून त्यांनी ती परभणीला उतरवली आणि स्टेशनापासून घरापर्यंत हातात धरून चालत आणली. कारण साधं होतं. वडिलांना तेव्हा सायकल चालवताच येत नव्हती!

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे गेल्या पावसाळ्यात ही सायकल आजारी पडली आणि तिच्या एका सुट्या भागासाठी मी जवळजवळ पाच महिने हिंडलो. भाग तरी केवढा? तळहातावर मावेल अशी एक लोखंडी वाटी. आमची पुण्याची भाची फोनवर म्हणाली, "मामा, एवढ्या खटाटोपात नवी सायकल आली असती की!" आली असती, खरं आहे. तिला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे लिहितो, म्हणजे बाकीच्या भाचे-पुतण्यांनाही एकदमच मिळेल.

वडिलांनंतर ही सायकल माझ्याकडे आली. १९७४ साली मी जिंतूर तालुक्यात शाळेवर लागलो. रोज नऊ किलोमीटर जायचं आणि नऊ यायचं. पुढे बदली होऊन पाथरी-मानवतच्या बाजूला गेलो, तिथे सगळी काळी जमीन. ज्यांनी आमची काळी माती पावसात पाहिली नाही त्यांना सांगतो, ती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभरही फट उरत नाही आणि चाक जागच्या जागी बसतं. मग काडीनं चिखल उकरायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचा. शेवटी कंटाळून सायकल खांद्यावर घ्यायची. पोरं ओढ्याच्या काठावर उभी राहून ओरडायची, "गुरुजी सायकलीवर नाही, सायकल गुरुजींवर!" २००९ मध्ये निवृत्त झालो तोवर तिनं माझी नोकरी केली आणि मी तिची.

आता खरी गोष्ट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मुलांनी माझी स्कूटर बंद केली. तेव्हापासून मंडई, बँक, वाचनालय आणि दवाखाना ही चार ठिकाणं मी सायकलवरच करतो. हळू, कडेकडेनं आणि चढ आला की उतरून. मुलाचं म्हणणं, "आबा, आता पुण्याला या. तिथे तुमचं कोण आहे?" त्याचं चुकतंय असं नाही. पण ही चार ठिकाणं सायकलच्या टप्प्यात आहेत तोवर आम्ही दोघं इथे आमच्या घरात, आमच्या मर्जीनं राहू शकतो. रिक्षाला रोज हाक मारायची वेळ आली की पुण्याच्या बाजूला एक मत वाढणार, हे मला दिसत होतं. त्यामुळे सायकल आजारी पडली तेव्हा घरात तिची जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या गुडघ्याचीही कधी झाली नसेल.

आजार असा की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला खालून 'कट' असा आवाज यायचा आणि पाय किंचित घसरल्यासारखा व्हायचा. स्टेशन रोडच्या एका बोळात आमचे सायकल मिस्त्री बसतात. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांची सायकल दुरुस्त केली, आता ते माझी करतात. त्यांनी सायकल उलटी केली, दांडी हातानं हलवून पाहिली आणि कॉटर ठोकून बाहेर काढली.

माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पायडलच्या दोन दांड्या ज्या आडव्या कण्याला जोडलेल्या असतात, तो कणा फ्रेमच्या तळाशी एका नळकांड्यात फिरतो. दुकानात त्याला बी.बी. म्हणतात, बॉटम ब्रॅकेट. नळकांड्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांनी फिरवून बसवलेल्या दोन वाट्या असतात आणि वाट्या व कणा यांच्यामध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा. दांडी कण्यावर घट्ट राहावी म्हणून आरपार एक पाचर ठोकतात, तिचं नाव कॉटर. बावीस छर्रे, दोन वाट्या, एक कणा आणि दोन कॉटर. माणसाचं सगळं वजन आणि पायाचा सगळा जोर यांच्यावर.

मिस्त्रींनी डावी वाटी काढून फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढे धरली. आतून तिला बारीक बारीक खड्डे पडले होते. म्हणाले, "देखो गुरुजी, चेचक निकले सरीखी हो गई. कॉटर तो अभी बदल देता, छर्रे बी देता. लेकिन वाटी कां से लाऊं? ये छब्बीस की है. बाजार में सब चौबीस की मिलती."

हा चोवीस-सव्वीसचा मामला मला आयुष्यात पहिल्यांदाच कळला. इंग्लिश पद्धतीच्या सायकलीत या वाटीला एका इंचात चोवीस आटे असतात. आपल्याकडे बाजारात मिळणारी वाटी त्याच मापाची. रॅलेनं मात्र आपलं माप वेगळं ठेवलं होतं, इंचाला सव्वीस. ही कंपनी जवळजवळ सगळे भाग स्वतःच्याच कारखान्यात बनवायची, दुसऱ्याच्या मापाशी जुळवून घ्यायची तिला गरज नव्हती. वाटीचा व्यास जवळपास सारखाच, त्यामुळे चोवीसची वाटी सव्वीसमध्ये लावली तर सुरुवातीला बसल्यासारखी वाटते. दोन फेऱ्यांत अडकते. जोर केला तर नळकांड्याचे आटे जातात आणि मग फ्रेमच बाद.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे लगेच समजेल. पूर्वी परभणीहून मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे. आपली मीटरगेज, मनमाडच्या पलीकडे ब्रॉडगेज. माणसं बोचकी उचलून पलीकडच्या फलाटावर जायची, मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्यात टाकावी लागायची. दोन्हीकडे रूळच, दोन्हीकडे इंजिनच, पण दोहोंमधलं अंतर वेगळं एवढ्या एका कारणानं सगळं अडायचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ब्रॉडगेज झाली आणि ती कटकट संपली. माझ्या सायकलच्या पोटात मात्र मनमाड अजून शिल्लक होतं!

गंमत अशी की या एका वाटीखेरीज बहुतेक सगळं बाजारात मिळत होतं. काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची सायकल अजून आपल्या देशात बनते, त्यामुळे अठ्ठावीस बाय दीडचा टायर आणि ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळते. इंग्लंडच्या जुन्या सायकलला मागच्या चाकात चाळीस तारा आणि पुढच्यात बत्तीस असत, आपल्या काळ्या सायकलीतही तोच हिशोब राहिला. म्हणून लुधियानाची नवी रिम माझ्या वडिलांच्या हबवर बिनबोभाट बसते. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमला आतून लागतात, तेही मिळतात. चैन मिळते, फ्रीव्हील मिळतं. ऐंशी वर्षांपूर्वी साता समुद्रापलीकडे बनलेल्या वस्तूला आज सेलूच्या बाजारातला माल चालतो, ही काही लहान गोष्ट नाही. मापं सारखी ठेवली म्हणून हे घडलं.

त्या मापांनी आपल्याकडे मोठा धंदा उभा केला. मुंबईत वरळीला हिंद सायकल, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय., सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हिरो. १९८६ साली हिरोचं नाव जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. यातले काही कारखाने पुढे गेले, काही राहिले नाहीत. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या सरकारनं १९८० मध्ये कायदा करून ताब्यात घेतल्या, तरी शेवटी बंदच पडल्या. नॉटिंगहॅमचा रॅलेचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याला कुलूप लागलं ते ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनाला. त्या दिवशी बातमी वाचून मी मिस्त्रींकडे गेलो होतो. ते म्हणाले, "कारखाना बंद हुआ तो क्या गुरुजी, सायकलां तो चालू है."

असो. वाटीकडे वळतो.

परभणीतली सगळी दुकानं पहिल्या आठवड्यातच संपली. एका तरुण दुकानदारानं वाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि प्रेमानं म्हणाला, "काका, कशाला त्रास करून घेता? गिअरची घ्या, हलकी येते." मग नांदेड. तिथे वजिराबादेत एक वयस्क दुकानदार भेटले. त्यांनी वाटी पाहिली मात्र, चेहरा एकदम उजळला. "रॅले! सव्वीस ना?" मला वाटलं काम झालं. ते म्हणाले, "गुरुजी, पेटीभर होत्या माझ्याकडे. वडिलांच्या वेळच्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. दहा वर्षांत एका माणसानं येऊन विचारलं नाही. दुकानाला रंग दिला तेव्हा किलोवर भंगारात घातल्या."

येताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना. दहा वर्षांत एका माणसानं विचारलं नाही. आपण समजतो वस्तू बनायची थांबली म्हणून मिळत नाही. इथे वस्तू बनलेली होती, तेलात जपलेली होती, फळीवर बसून वाट पाहत होती. विचारायलाच कुणी गेलं नाही. आणि नांदेडपासून तासाभराच्या अंतरावर मी त्याच मापाच्या सायकलवर रोज भाजी आणत होतो! मला गरज नव्हती तेव्हा मी विचारलं नाही, यात काही गैर नाही. पण वस्तूचा शेवट असाही होतो, हे मला नव्यानं कळलं.

दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा नातवाच्या कानावर हे सगळं घातलं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं फोनवर दहा मिनिटांत शेल्डन ब्राउन या माणसाचं लिखाण काढून दिलं. अमेरिकेत बोस्टनजवळ हे गृहस्थ सायकल मेकॅनिक होते, २००८ साली वारले, पण सायकलच्या प्रत्येक खिळ्याखुंटीबद्दल त्यांनी लिहून ठेवलं आहे आणि लोकांनी ते अजून जपलं आहे. त्यात रॅलेच्या सव्वीस आट्यांबद्दल स्वतंत्र मजकूर! नातू वाचून मराठीत सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. स्टेशन रोडच्या बोळातले मिस्त्री आणि बोस्टनचे ते ब्राउनसाहेब अगदी तेच बोलत होते. जुन्या वाट्या फेकू नका, चोवीसची बसवायचा हट्ट करू नका. फरक एवढाच की साहेबांनी लिहून ठेवलं, आमच्या मिस्त्रींचं सगळं डोक्यात.

नातवानं मला कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयातही नेलं. हे २०१७ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बी.एस.ए.ची घडीची सायकल, मुलांच्या सायकली, दिवे, घंट्या, पंप, हवा भरायची साधनं, सगळं झकास मांडलेलं. एका माणसाच्या छंदातून एवढं उभं राहिलंय हे पाहून हात जोडावेसे वाटले. तिथे एका जुन्या सायकलपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. नातू म्हणाला, "आबा, आपलीही इथे देऊन टाकू या का? चांगली राहील." म्हटलं, "राहील रे. पण मग भाजी कोण आणणार?" इंग्लंडहून वाटी मागवायचीही त्याची तयारी होती. टपालखर्च आणि जकात धरून जो आकडा निघाला तो ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्यात तर विहिणीला साडी येईल." तो विषय तिथेच संपला.

परभणीला परत आलो. मिस्त्रींनी तोवर दोन उपाय काढले होते. पहिला, एमआयडीसीत लेथवर नवी वाटी करून घ्यायची. लेथवाला तयार होता, पण वाटीचा आकार जमला तरी तिची आतली पाळी पोलादासारखी कडक करावी लागते. मऊ लोखंडाची वाटी छर्रे चार महिन्यांत खाऊन टाकतात. दुसरा उपाय, नळकांड्यातले सव्वीसचे आटे कापून चोवीसचे पाडायचे. मग कुठलीही वाटी चालली असती. हे सांगून मिस्त्री गप्प बसले. मी विचारलं, "तुमची स्वतःची असती तर काय केलं असतं?" म्हणाले, "एक बार काटे तो वापस नै आते, गुरुजी. मैं नै काटता."

आपल्याकडे म्हण आहेच, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. लोक ती आपल्याला हसायला म्हणून वापरतात. पण मला त्या दिवशी ती वेगळीच वाटली. जमलं तर जमलं, नाही तर परभणीला बसून आणखी एक उपाय शोधू, असं. तो तिसरा उपायही मिस्त्रींनाच सुचला. त्यांना आठवलं की त्यांच्या लहानपणी पूर्णेहून रेल्वेची माणसं सायकली दुरुस्तीला आणायची आणि त्यांत रॅले बऱ्याच असायच्या. पूर्णा म्हणजे रेल्वेचंच गाव. ते म्हणाले, "वां देखो. पूरी सायकल नक्को देखो, नीचे का नळा देखो."

जुनी वाटी फडक्यात गुंडाळून खिशात घातली आणि गाडीनं पूर्णेला गेलो. पहिल्या खेपेला भंगारवाल्यांकडे काही मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला एका चहावाल्यानं घर दाखवलं. रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेल्या एका गृहस्थांचं घर. त्यांच्या पत्नी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असाव्यात. जिन्याखाली गोवऱ्यांच्या मागे सायकलचा सांगाडा होता. चाकं नाहीत, सीट नाही. पण चैनच्या चक्रावर बगळे कोरलेले! रॅलेची ती खूण माझ्या वडिलांच्या सायकलवरही आहे. मी खाली बसून ते चक्र रुमालानं पुसलं तशा त्या म्हणाल्या, "यांची हो. रात्रपाळीला यावरच जायचे."

मी काय हवं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे पुन्हा चालेल का?" मी म्हटलं, "ही नाही चालणार, वहिनी. पण हिच्यातली एक वाटी माझ्या सायकलीत चालेल." त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "न्या. पैसे नकोत. फक्त घंटी राहू द्या मला." घंटी गंजून घट्ट झाली होती, वाजत नव्हती. मी पान्यानं सोडवून त्यांच्या हातात दिली. चहा झाला. सांगाडा टमटमच्या टपावर बांधून स्टेशनवर आणला आणि परभणीला उतरवला. स्टेशनापासून घरी हातात धरूनच आणला, वडिलांसारखा!

मिस्त्रींनी नळकांडं दोन दिवस रॉकेलमध्ये भिजत ठेवलं. डावी वाटी तिसऱ्या दिवशी सुटली. तिच्याबरोबर कणाही निघाला आणि आमच्या कण्यापेक्षा तो कमी झिजलेला होता. उजवी वाटी मात्र त्यांनी हलवली नाही. तिला उलटे आटे असतात, म्हणजे आपण जिकडे फिरवून सोडवतो तिकडे ती घट्ट होते. पायडल मारताना ती आपोआप सुटू नये म्हणून तशी योजना. नवशिका मेकॅनिक तिथेच फसतो आणि सगळा जोर लावून आटे घालवतो, असं ते म्हणाले. आमची उजवी वाटी चांगली होती, ती तशीच राहिली.

मग ग्रीस भरून एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा छर्रे त्यांनी मोजून लावले. कॉटर नवी आणली, बाजारातली, वीस रुपयांना जोडी. तिची एक बाजू कानशीनं घासावी लागते. दोन्ही बाजूंचा उतार सारखा झाला नाही तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि माणूस लंगडल्यासारखी सायकल चालते. मिस्त्री घासायचे, घालून बघायचे, डोळा मिटून रेषा धरायचे, पुन्हा घासायचे. ठोकताना दांडीखाली लोखंडी नळी टेकवली, म्हणजे हातोडीचा मार नव्या वाटीवर जाऊ नये. अर्धा तास गेला असेल. त्यांचा उजवा हात अलीकडे कापतो, पण कानस धरली की कापत नाही, हे मी पाहिलं.

आवाज गेला. सगळ्याचे मिळून त्यांनी दीडशे रुपये सांगितले.

आता जे खरं लिहायचं होतं ते. मिस्त्रींच्या दुकानात मागच्या बाजूला तुपाचे जुने डबे आहेत, चौदा डबे. त्यात वाट्या, कोन, कणे, ब्रेकच्या दांड्या, डायनामोची चाकं, काय काय. त्यांच्या मुलाची मोबाइलची गाडी आहे, चांगली चालते. सायकलच्या धंद्यात तो येणार नाही आणि त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. मी मिस्त्रींना विचारलं, "यातलं कुठलं कशाचं हे कुणाला माहीत आहे?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

वजिराबादेतली ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर आली. वाट्या असतात, नाव नसतं. नाव नसलं की ते लोखंड, आणि लोखंडाचा भाव किलोवर ठरतो.

पस्तीस वर्षं शिक्षक होतो, मला दुसरं काय येतं? दुसऱ्या दिवशी दुपारी कोऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, दोरा आणि पेन घेऊन दुकानात गेलो. ते डब्यातून एक-एक वस्तू काढून सांगायचे, मी लिहायचो. 'रॅले, डावी वाटी, २६ आटे.' 'पाव इंची छर्रे, बी.बी. आणि मागचा हब.' 'पायडल, डावा, उलटे आटे.' मधेच एखादी वस्तू हातात घेऊन ते थांबायचे, ही कुणाच्या सायकलची, कोणत्या साली आली, ती सगळी हकिगत निघायची. तीही मी वहीत लिहिली. चार दुपारी लागल्या. वही शंभर पानी होती, साठ पानं भरली. माझ्या गल्लीतली नववीतली एक मुलगी सायकलला हवा भरायला आली होती, ती दोन दुपारी तिथेच बसून राहिली आणि चिठ्ठ्यांना दोरे बांधत होती. तिला आता चोवीस आणि सव्वीस ओळखता येतं. आट्याला आटा लावून उजेडात धरायचं, फट दिसली की माप वेगळं. मिस्त्रींनी तिला एकदाच दाखवलं.

मराठी शिकवताना मी मुलांना सांगायचो की शब्द कोशात असून भागत नाही, तो कुणाच्या तरी तोंडात असावा लागतो. मोट गेली तसे मोटेबरोबरचे किती शब्द गेले. सुट्या भागांचंही तसंच दिसतं. कुणी तरी जाऊन विचारावं लागतं, मिळत नसलं तरी. दुकानदाराला कळतं की हे अजून कुणाला तरी लागतं.

तेव्हा भाची आणि इतर मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, वाड्यात, गोठ्यात जुनी सायकल पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चैनचं चक्र पुसून बघा. बगळे दिसले तर मला कळवा. बगळे नसले तरी खालचा नळा, वाट्या, कणा आणि डाव्या-उजव्या बाजूचे पायडल वेगळे काढून, थोडं तेल लावून, कागदावर नाव लिहून डब्यात ठेवा. डाव्यावर 'डावा' लिहायला विसरू नका. आणि गावातला सायकल मिस्त्री हयात असेल तर एकदा जाऊन त्याच्या डब्यांत काय आहे ते विचारा. वही न्या बरोबर.

पूर्णेच्या सांगाड्यातली उजवी वाटी अजून त्यातच आहे. मिस्त्री म्हणाले, असू द्या, नळ्यात राहिली तर गंजत नाही. सध्या तो आमच्या जिन्याखाली आहे. सौ.ची तक्रार सुरू झाली आहे.